चेनसॉचा पिस्टन पुन्हा पुन्हा धरतोय? इंजिन उघडताना आणि त्यात बदल करताना या चुका टाळा

पिस्टन धरला, म्हणजे सिलिंडरमध्ये घासून अडकला, की पहिला विचार येतो नवा मागवण्याचा. पण ज्या कारणाने जुना गेला ते इंजिनात तसंच बसलेलं असतं आणि नवाही दोन टाक्यांत त्याच वाटेने जातो. मधल्या काळात कोणी सायलेन्सर कापला असेल किंवा गॅस्केट काढलं असेल, तर मूळ दोष सापडणं आणखी अवघड. म्हणून आधी निदान, मग दुरुस्ती. बदलांचा विचार इंजिन मूळ स्थितीत नीट चालायला लागल्यावरच.

घाईने सिलिंडर उघडणे

सिलिंडरचे बोल्ट सैल केले की त्याच्याखालच्या बेस गॅस्केटची गळती शोधायची संधी गेली. त्यामुळे प्रेशर टेस्ट त्याआधीच करा. सायलेन्सरच्या जागी रबरी शीट आणि वर लोखंडी पट्टी आवळा, कार्बोरेटरकडचं तोंड तसंच बंद करा, स्पार्क प्लग जागेवर ठेवा आणि इंपल्स नळीतून (क्रँककेसचा दाब कार्बोरेटरला पोचवणारी नळी) हातपंपाने ०.५ बार हवा भरा. काटा किमान २० सेकंद जागेवर राहिला पाहिजे. तेवढ्यात क्रँक हळूहळू फिरवून बघा, कारण झिजलेलं सील कधी कधी एकाच जागी गळतं. काटा उतरला तर साबणाचं पाणी लावा: फ्लायव्हीलमागचं सील, क्लचमागचं सील, इनटेकचं रबर, बेस गॅस्केट, डिकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह.

नंतर हीच तपासणी ०.५ बार व्हॅक्यूमवर करा. बरेच जण हा भाग गाळतात आणि फसतात. आतून दाब आला की सीलची कड शाफ्टवर घट्ट बसते, ओढ लागली की तीच कड सुटते. एरवी चालत्या इंजिनावरही संशय घेता येतो: थ्रॉटल सोडला तरी रेस लगेच उतरत नसेल, तर कुठून तरी जादा हवा आत जाते आहे.

सगळे ओरखडे सारखेच समजणे

पिस्टन हातात आला की तो पुसू नका. आधी बाणाची खूण बघून एक्झॉस्टची बाजू ओळखा.

फक्त एक्झॉस्ट बाजूला उभे ओरखडे आणि फासलेलं ॲल्युमिनियम असेल, तर इंजिन लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चाललं आहे किंवा जास्त तापलं आहे. पिस्टनची सर्वांत गरम बाजू हीच, त्यामुळे ऑइलचा थर आधी इथे जळतो. कारणं अनेक: जास्त आवळलेला एच स्क्रू (कार्बोरेटरवरचा, फुल थ्रॉटलचं पेट्रोल ठरवणारा), हवेची गळती, तुंबलेला पेट्रोल फिल्टर, भुशाने भरलेल्या सिलिंडरच्या फिन्स. एक कारण सहज निसटतं, ते म्हणजे टाकीचा बंद पडलेला व्हेंट (हवा आत घेणारं छिद्र). यंत्र दहा मिनिटं छान चालतं, मग रेस वाढत जाते आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल करताच हवा आत ओढल्याचा ‘सुस्स’ आवाज येतो.

इनटेक बाजूला मात्र वेगळं चित्र असतं. नव्या पिस्टनच्या स्कर्टवर, म्हणजे खालच्या सरळ भिंतीवर, लेथच्या बारीक आडव्या रेघा दिसतात. इनटेकच्या बाजूने त्या पुसल्या जाऊन पृष्ठभाग राखाडी आणि मंद झाला असेल, तर धूळ आत गेली आहे. एअर फिल्टर बदलून भागणार नाही. तो बसतो ती कड आणि कार्बोरेटरचं तोंड बोटाने पुसून बघा. बोटाला कचकच लागली तर वाट तीच.

चारी बाजूंनी घासला असेल तर पेट्रोलमध्ये ऑइलच नव्हतं असं धरून चाला. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. अंदाजाने ओतू नका. अशा वेळी बेअरिंगही कोरडे चाललेले असतात. कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून ढिलाई तपासा. जाणवली तर नवा पिस्टन टाकणं म्हणजे पैसे वाया.

गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणारी पिन) दोन्ही बाजूंना मिळून चार उभे पट्टे दिसले, तर थंड इंजिनाला थेट फुल थ्रॉटल दिला गेला आहे. पिस्टन सिलिंडरपेक्षा आधी फुगतो. माथ्याची कड बारीक वाळूने टोचल्यासारखी दिसली तर ते डिटोनेशन, म्हणजे मिश्रणाचा बेताल स्फोट. एकच खोल चर असेल तर सर्कलिप (गजन पिन जागेवर धरणारी तारेची क्लिप) किंवा रिंगचा तुकडा शोधा, आणि तो सापडून क्रँककेस धुऊन होईपर्यंत काही जोडू नका.

सिलिंडर साफ करताना

निकासिलच्या थरावर (सिलिंडरच्या आतला कडक लेप) चिकटलेलं ॲल्युमिनियम हायड्रोक्लोरिक ॲसिडने निघतं. कापसाच्या काडीने फक्त डागावर लावा. फेस येतो आहे तोवर ॲल्युमिनियम शिल्लक आहे. पण सिलिंडरही ॲल्युमिनियमचाच असतो, हे विसरलात तर ॲसिड पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतली हवा-धुराची भोकं) कडा खाऊन थराखाली शिरतं. हातमोजे आणि चष्मा घाला, काम उघड्यावर करा आणि शेवटी भरपूर पाण्याने धुवा. थर सोललेला दिसला तर तो सिलिंडर बाद.

बदल करताना हमखास होणारे घोटाळे

सर्वांत महाग चूक म्हणजे न मोजता बेस गॅस्केट काढणे. आधी स्क्विश मोजा, म्हणजे पिस्टन टॉपला असताना त्याच्या आणि सिलिंडरच्या माथ्यामधली फट. सोल्डरिंगची तार प्लगच्या भोकातून गजन पिनच्या रेषेत सिलिंडरच्या भिंतीपर्यंत घाला, दोरी ओढून पिस्टन टॉपवरून न्या आणि चपटं झालेलं टोक कॅलिपरने मोजा. दोन्ही बाजूंनी. एक्झॉस्ट-इनटेकच्या रेषेत मोजलं तर पिस्टन डुलतो आणि आकडा खोटा येतो. मूळ स्क्विश १ मिमी आणि गॅस्केट ०.५ मिमी असेल तर उरतं ०.५ मिमी. त्याखाली जाऊ नका. मिनिटाला तेरा हजार फेऱ्यांवर बेअरिंगमधली मोकळीकही यातूनच जाते. शिवाय सिलिंडर खाली आल्याने एक्झॉस्ट उशिरा उघडतो आणि इनटेक लवकर, म्हणजे नुसतं कॉम्प्रेशनच नाही, टायमिंगही बदलतं.

पोर्ट रुंद करताना दोन मर्यादा. रिंगची टोकं पोर्टवरून जाता कामा नयेत, आणि पिस्टन टॉपला असताना स्कर्टने एक्झॉस्ट पोर्ट पूर्ण झाकला पाहिजे. घासून झाल्यावर कडांना चॅम्फर (हलका तिरपा उतार) द्या, नाहीतर रिंग अडकून तुटते.

सायलेन्सर मोकळा केला की मिश्रण लीन होतं, त्यामुळे कार्बोरेटर पुन्हा ट्यून करावाच लागतो. ठिणगी अडवणारी जाळी काढू नका. वाळक्या पाचोळ्यात एक ठिणगी पुरते.

जोडताना सर्कलिप नवेच वापरा आणि त्यांचं तोंड वर किंवा खाली ठेवा. आडवं ठेवलं तर पिस्टनच्या धक्क्यांनी क्लिप दबून सुटते.

रेस लावताना कानाची फसगत

एच स्क्रू नेहमी रिच (पेट्रोल जास्त) बाजूने लावा: आधी सैल, मग थोडा थोडा आवळत. लोड नसताना फुल थ्रॉटलला इंजिन फडफडायला हवं आणि लाकडात गेल्यावर आवाज साफ व्हायला हवा. मात्र काही कॉइलमध्ये रेव्ह लिमिटर (फेऱ्या ठरावीक हद्दीत रोखणारा) असतो आणि त्याची फडफड कानाला अगदी तशीच लागते. तीच रिच समजून स्क्रू आवळत गेलात, तर पिस्टन लीन चालूनच धरेल. टॅकोमीटर लावा आणि कंपनीने दिलेल्या कमाल फेऱ्यांच्या खालीच थांबा.

पहिली टाकी संपली की थंड इंजिनाचा सायलेन्सर काढा आणि टॉर्चच्या उजेडात, दोरी हळूच ओढत, पोर्टमधून स्कर्ट बघा. आडव्या रेघा शाबूत असतील तर चालवा. एखादी उभी चकचकीत रेघ दिसली, तर स्क्रूला हात लावण्याआधी पुन्हा प्रेशर टेस्ट करा.