चीटो लावलाय, नायट्रेट शून्य आहे, तरी कोरल का वाढत नाहीत?

रीफ टँकच्या (कोरल ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकच्या) संपमध्ये, म्हणजे खालच्या फिल्टरच्या टाकीत, चीटो या तारेसारख्या हिरव्या शेवाळाचा गोळा टाकायचा, वर लाइट लावायचा, नायट्रेट-फॉस्फेट खाली आलं की कोरल भराभर वाढणार असं बरेच जण धरून चालतात. पण कोरलच्या अंगात राहणारं झूझँथेली हेही शेवटी शेवाळच, त्यालाही नायट्रोजन-फॉस्फरस लागतं, आणि चीटोने सगळं ओढून घेतलं की कोरलचा रंग उतरतो, टोकं वाढायची थांबतात, वर वाळूवर डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्म जीवांचा तपकिरी, बुडबुडे धरलेला चिकटा येतो तो वेगळाच.

त्यामुळे शून्याच्या मागे लागू नका. नायट्रेट साधारण ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम, एवढ्यात ठेवलं तरी बहुतेक रीफ टँक छान चालतात. आता इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, मॅक्रोअल्गी, म्हणजे चीटोसारखं मोठं शेवाळ, दोन्ही सारख्या हिशोबाने खात नाही. समुद्रातल्या प्लवकात नायट्रोजन-फॉस्फरसचं प्रमाण १६ ला १ धरतात, मोठ्या शेवाळात ते सरासरी ३० ला १ च्या आसपास येतं, म्हणजे नायट्रेट आधी संपतं आणि फॉस्फेट तिथल्या तिथे, मग चीटो पण फिकट पडायला लागतो. अशा वेळी लोक लाइट वाढवतात, तसं अजिबात करू नका. लाइटचे तास कमी करा, माशांना थोडं जास्त खायला द्या, तरी नाही जमलं तर रीफसाठी मिळणारं नायट्रेट सोल्युशन थोडं थोडं टाका. टेस्टमध्ये आकडा दिसतोय आणि तरीही चीटो मरगळलाय, तर लोह कमी पडलंय का ते बघा.

कोणतं शेवाळ घ्यायचं? माझं मत सरळ आहे, चीटो. तो दगडाला मुळं धरत नाही, अख्खा गोळा उचलता येतो. कॉलर्पा दिसायला सुंदर, वाढतोही जोरात, पण त्याची एवढी लांब वेल म्हणजे एकच पेशी असते आणि तो बीज सोडायला आला की पानं पांढरी पारदर्शक पडतात, पाणी दुधाळ हिरवं होतं, ऑक्सिजन खाली जातो आणि शोषलेलं सगळं परत पाण्यात येतं. हॅलिमेडाची पानं कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे कोरलच्या वाट्याचं अल्क (अल्कलिनिटी, पाण्यातले कार्बोनेट) आणि कॅल्शियम तीच खाणार.

खरा फायदा बघायचा तर रिफ्युजियमचा, म्हणजे संपमधल्या चीटोच्या कप्प्याचा, लाइट रात्री लावा, मेन टँकचा बंद झाला की हा चालू. रात्री टँकमधले सगळे जीव कार्बन डायऑक्साइड सोडतात म्हणून पीएच पडतो, चीटो तोच गॅस ओढतो आणि पीएच तेवढा पडत नाही. पीएच वर राहिला की कोरलला सांगाडा बांधणं सोपं जातं, पण मग अल्कही जास्त खर्च होतं, तेव्हा ते रोज ठरलेल्या वेळी मोजा आणि ७ ते ९ डीकेएचमध्ये (अल्क मोजायचं एकक) एका जागी धरून ठेवा.

मेन टँकमध्ये मात्र मॅक्रोअल्गी कोरलला टेकू देऊ नका. सावली पडते हे तर आहेच, पण काही जातींच्या अंगावरची रसायनं नुसत्या स्पर्शाने कोरलची कातडी मारतात. शिवाय शेवाळातून विरघळलेली साखर पाझरते, त्यावर कोरलच्या पृष्ठभागावरचे जिवाणू माजतात आणि तिथला ऑक्सिजन संपवतात. २००६ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात कोरल आणि शेवाळाच्या मध्ये बारीक फिल्टर होता तरी कोरल मेले आणि अँटिबायोटिक घातल्यावर वाचले. जमैकात १९८३-८४ ला शेवाळ खाणारे काळे सी अर्चिन रोगाने गेले, आधी वादळाने आणि माशांच्या बेसुमार मासेमारीने रीफची कंबर मोडलेलीच होती, तिथे ७० च्या दशकाअखेर ५० टक्क्यांच्या वर असलेलं कोरल ९० च्या सुरुवातीला ३ टक्क्यांवर आलं आणि शेवाळ ९० टक्क्यांच्या पुढे गेलं. घरी ते अर्चिनचं काम टँग मासे, टर्बो गोगलगायी आणि तुमचे हात करणार. सोबत अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन ठेवा, पाण्यातला पिवळटपणाही जातो.

मालवणच्या खडकावरून शेवाळ खरवडून आणू नका, त्यासोबत ब्रायोप्सिस हे चिवट शेवाळ आणि नको ते किडे येतात. आणि भारतात राहणाऱ्यांसाठी, दगडी कोरल वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, दुकानदार काहीही म्हणो, ते घेऊ नका.

छाटणी नेमाने करा, कारण शोषलेलं नायट्रेट टँकबाहेर जातं ते शेवाळ बाहेर काढाल तेव्हाच. गोळा उचलून आधी टँकच्याच पाण्याच्या बादलीत हलवा म्हणजे अँफिपॉड (कोळंबीसारखे बारीक जीव) सुटून खाली बसतात, ते परत सोडा. मग गोळा उलटा करून बघा, वरची तार हिरवी, कडक, बोटाला टोचणारी असते, खालची लाइट न मिळालेली तपकिरी आणि मऊ. तो मऊ भाग पूर्ण काढायचा, एकूण तिसरा हिस्सा ते निम्मा जाईल, उरलेला हिरवा भाग सैल करून पाण्यात फिरता ठेवायचा, आणि दोन दिवसांनी नायट्रेट परत मोजायचं.