पाळक-प्राध्यापकाचे चरित्र मराठीत कसे लिहावे

गोव्यातील मराठी वाचकासाठी प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथातील धर्मोपदेशकाचे चरित्र लिहायला घेतल्यास पहिला परिच्छेद शब्दांच्या उलगड्यासाठी राखून ठेवावा. ‘पाद्री’ म्हटले की आपल्याकडे पांढऱ्या झग्यातील अविवाहित कॅथलिक धर्मगुरू आणि ‘सेमिनरी’ (धर्मोपदेशक घडवणारी शाळा) म्हटले की राशोलची कॅथलिक सेमिनरी डोळ्यांपुढे येते. त्यामुळे नायकाच्या आठ मुलांचा उल्लेख येताच वाचक बुचकळ्यात पडतो. म्हणून मराठी प्रॉटेस्टंटांचा ‘पाळक’ हा शब्द वापरावा, पाळकाला विवाहाची मुभा असते हे सांगावे आणि या पंथाचा कारभार बिशप नव्हे, तर पाळक व मंडळीने, म्हणजे स्थानिक उपासकांच्या समुदायाने, निवडलेले ‘वडील’ मिळून चालवतात, हेही तिथेच स्पष्ट करावे. पंथाचे नावच ‘वडील’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे.

उदाहरणादाखल चार्ल्स हॉज (१७९७–१८७८) यांचे चरित्र घेऊ. १८२१ मध्ये पाळकपदाची दीक्षा, १८२२ मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन सेमिनरीत प्राध्यापकपद, १८२६ ते १८२८ युरोपात अध्ययन, सत्तरी उलटल्यावर ईश्वरविद्येवरचा तीन खंडांचा ग्रंथ. एवढे दोन ओळींत उरकावे.

रेंगाळावे ते त्यांच्या अभ्यासिकेत. मांडीच्या चिवट दुखण्यामुळे कित्येक वर्षे ते तिथेच कोचावर पडून विद्यार्थ्यांना शिकवीत. दाराची कडी चिमुकल्यांना उघडता येत नसे, म्हणून त्यांनी ती काढून स्प्रिंग बसवली आणि नुकते चालू लागलेले मूलसुद्धा विनासायास आत-बाहेर करू लागले. ही आठवण त्यांचा मुलगा आर्चिबाल्ड यांनी लिहून ठेवली आहे; हेच आर्चिबाल्ड १८४७ च्या सुमारास मिशनरी म्हणून अलाहाबादला आले होते.

मात्र मुलाने लिहिलेल्या चरित्रावर सर्वस्वी विसंबू नये. हॉज यांनी स्वतः गुलाम बाळगले होते, आणि गुलाम बाळगणे हे मुळात पाप नव्हे, असा युक्तिवाद त्यांनी १८३६ मध्ये केला. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धात मात्र ते गुलामगिरीवाल्या दक्षिणेविरुद्ध संघराज्याच्या बाजूने उभे राहिले. हा भाग तळटीपेत ढकलणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. दाराच्या गोष्टीला लागूनच तो यावा.

मसुदा झाल्यावर एका कॅथलिक आणि एका हिंदू शेजाऱ्याला वाचून दाखवावा. पहिला विचारील, ‘यात बिशप कुठे आहे?’; दुसरा ‘थिऑलॉजी’साठी वापरलेल्या ‘धर्मशास्त्र’ या शब्दाने स्मृतिग्रंथांकडे वळेल, आणि तिथे ‘ईश्वरविद्या’ असा बदल करून घ्यावा.