मुलगा सीमेवर असताना बातम्या कशा बघाव्यात आणि प्रार्थनेला कधी बसावं

1999 च्या जूनमध्ये, कारगिलच्या लढाईत, मी द्रासजवळ तोफखान्यात ऑपरेटर होतो, वायरलेस सेट माझ्या ताब्यात. नगरला आमच्या घरी टीव्ही नव्हता. आई शेजारी जाऊन बघायची. बोफोर्स तोफ गोळा सोडते, धुरळा उडतो, हेच चित्र दिवसभर. तिला वाटायचं, पोरगा चोवीस तास त्या धुरात उभा आहे. खरं म्हणजे आमचा बराचसा वेळ सुमारे 45 किलोचा एकेक गोळा गाडीतून उतरवण्यात, चहा उकळण्यात आणि हुकमाची वाट बघण्यात जायचा. ते कोण दाखवणार?

2025 च्या मे महिन्यात, पाकिस्तानशी संघर्ष चालू असताना, मुलगा सीमेवर होता (कुठे ते सांगायची सवय नाही) आणि मी पहिल्यांदाच आईच्या जागी बसलो. बायको, सूनबाई आणि मी मिळून तेव्हा जी पद्धत बसवली, ती लिहून देतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. आपल्या माणसाची वाईट बातमी कळवायचं काम टीव्हीचं नाही, युनिटचं आहे. युनिटकडे जवळचा नातेवाईक म्हणून ज्याचं नाव लिहिलंय, त्याला ती कळते. तेव्हा तिथला पत्ता आणि फोन नंबर बरोबर आहे ना, हे मुलगा सुट्टीवर असतानाच विचारून घ्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा नंबर भिंतीवर लावा. 1999 मध्ये कोणीतरी गल्लीत सांगत आलं, "नगरचा एक जवान गेला म्हणे." आई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी माझं पत्र पोचलं. ते दहा दिवसांपूर्वी लिहिलेलं, म्हणजे त्यावरून तसं काहीच ठरत नव्हतं. पण ती जेवली.

दुसरं, एक वही करा. साधी, दोनशे पानी. डाव्या पानावर बातमी लिहायची: कोण म्हणालं, किती वाजता, आणि स्वतः पाहून की 'सूत्रांकडून'. सेटवर बसायचो तेव्हा संदेश कोणाचा आणि त्यावर तारीख-वेळ काय, हे नसेल तर आम्ही त्याला संदेशच मानत नव्हतो. घरातही तोच नियम. 8 मेच्या रात्री चॅनेलांनी कराची बंदर उद्ध्वस्त करून टाकलं. सूनबाईने त्या रात्री अकरा ओळी लिहिल्या, हात थरथरत होता तरी. दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या ब्रीफिंगला परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री, लष्कराच्या कर्नल सोफिया कुरेशी आणि हवाई दलाच्या विंग कमांडर व्योमिका सिंग काय बोलतात ते ऐकून आम्ही एकेक ओळ ताडून पाहिली. नऊ ओळी खोडल्या, कराचीची सगळ्यात आधी. त्या खोडलेल्या पानाने तिला जी झोप लागली, ती माझ्या समजावण्याने लागली नव्हती.

म्हणून दिवसातून दोनदाच बातम्या: सकाळी आकाशवाणी आणि मग ते ब्रीफिंग. चर्चा बघायच्याच असतील तर आवाज बंद करून. चॅनेलवाले मध्येच हवाई हल्ल्याचे भोंगे वाजवत होते. शेवटी सिव्हिल डिफेन्सला सांगावं लागलं, की कार्यक्रमात भोंगे वाजवू नका, लोकांना खरा भोंगा ओळखू येणार नाही.

आणि व्हिडिओ पुढे पाठवू नका. माहिती-प्रसारण मंत्रालयाने 26 एप्रिललाच चॅनेलांना लष्करी हालचाली थेट दाखवू नका म्हणून बजावलं होतं. तोफखान्यातल्या माणसाला त्याचं कारण लगेच कळतं. गोळा नेमका कुठे पडला हे सांगणारा कोणी मिळाला, की पलीकडचा पुढचा गोळा दुरुस्त होऊन येतो. ते सांगणारे आपण होऊ नये.

आता वहीचं उजवं पान. ते प्रार्थनेचं. चॅनेलवर भांडणं सुरू होतात त्याच वेळी, संध्याकाळी साडेसातला, आम्ही टीव्ही बंद करून बसायचो. एक गीत, बायबलमधलं एक स्तोत्र, मग नावं. दहा मिनिटं पुरतात. लांबवलं की मन परत रिमोटकडे जातं. 'सर्व जवानांना सांभाळ' एवढ्यावर थांबू नका. मुलाच्या शेजारच्या बंकवर झोपणारा, लंगरवाला, ड्रायव्हर, नावं माहीत असतील तेवढी घ्या. मत्तयाच्या 24 व्या अध्यायात प्रभू लढाया आणि लढायांच्या आवया, म्हणजे अफवा, असं दोन्ही वेगवेगळं सांगतो. आवयांसाठी प्रार्थना करत बसायचं नाही, हे मी त्यातून घेतलं.

स्तोत्र कोणतं? लोक 91 वं काढतात. मला ते जड जातं. हजार पडतील पण तू नाही, असं म्हणताना ते हजार कोणाचे, हे मी पाहिलंय. आमच्याकडे 121 वं असतं. लहानपणी पाठ होतं तेव्हा डोंगरांकडे बघायचं म्हणजे मदतीकडे बघायचं, असंच वाटायचं. द्रासला डोंगराकडे बघणं म्हणजे शत्रूच्या निरीक्षण चौकीकडे बघणं होतं. तोलोलिंग शिखरावरून खालचा रस्ता त्यांना दिसायचा. तिथे कळलं, की साहाय्य डोंगराकडून येतं असं त्यात म्हटलेलंच नाही, ते डोंगर करणाऱ्याकडून येतं.

पलीकडच्या आयांसाठीही एक वाक्य म्हणायचं, असं मी सुचवलं. बायको पहिले दोन दिवस गप्प राहिली. तिसऱ्या दिवशी "आमेन" म्हणाली, तेही हळूच. जबरदस्ती करू नका.

मुलाचा फोन आला तर "कुठे आहेस" विचारू नका. "जेवलास का" विचारा. आणि फोन उचलण्याआधी टीव्ही बंद करा. 10 मेला संध्याकाळी पाचपासून गोळीबार थांबवायचं ठरलं, रात्री त्याचा फोन आला. बायको धावली, बातम्या तशाच चालू. तो पहिलं वाक्य बोलला ते हे, "आई, आधी तो टीव्ही बंद कर, मला तुझा आवाज येत नाहीये."