खपली खरवडताना ड्रिल कुठे थांबवायचं

एमएस्सीनंतर ध्रुवीय मातीच्या कामाकडे वळणाऱ्यांसाठी लिहितेय. पाया तुमचा पक्का असणार, म्हणून थेट खपलीवर येते.

उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड या नॉर्वेच्या बेटांवर, तिथल्या खडकाळ मातीत (आपलं हिमाद्री संशोधन केंद्र तिथेच, २००८ पासून) दगडांच्या पोटाखाली पांढरी खपली धरलेली असते. नुसत्या थंडीने ती धरत नाही. उलट थंड पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त मुरतो, त्यामुळे कॅल्साइटही (खपलीतलं चुन्याचं खनिज) जास्त विरघळतं. पाणी गोठायला लागलं की बर्फ क्षार आत घेत नाही. उरलेलं पाणी दाट होत जातं, वायू निसटतो आणि दगडाखाली अडकलेल्या ओलीतून कॅल्साइट बसतं. माती सुकतानाही बसतं. दादरला आमच्या चाळीत गळक्या स्लॅबखाली असेच पांढरे लोंब आलेत. तिथलं रसायन सिमेंटच्या चुन्याचं, वेगळं. पण खपली खालच्या अंगालाच का, ते मला तिथे उमगलं. दगडालगतचा थर सगळ्यात जुना. खपली वरच्या अंगाला दिसली, तर दगड मागाहून उलटलाय असा संशय घ्या.

माझी माती झाली ती खपलीचं वय काढताना. दगड संगमरवराचा होता, म्हणजे तोही कॅल्साइटचाच. ड्रिलचं टोक खपली ओलांडून जेमतेम अर्धा मिलिमीटर आत गेलं असेल. भुकटी तीही पांढरी, हीही पांढरी. ॲसिड टाकलं, दोन्ही फसफसतात! वय काढतात ते कार्बन-१४ वरून, म्हणजे काळाबरोबर घटत जाणाऱ्या किरणोत्सारी कार्बनवरून. संगमरवरातला कार्बन इतका जुना की त्यात तो उरलेलाच नसतो. नमुन्यात असा मेलेला कार्बन निम्मा असला, तर वय अख्ख्या एका अर्धायुष्याने (कार्बन-१४ निम्मा व्हायला लागणारा काळ), म्हणजे सुमारे ५,७०० वर्षांनी फुगतं. अगदी दहा टक्के असला तरी आठेकशे वर्षं वाढतात. माझं उत्तर आलं ते त्या जमिनीवर हिमनदी बसलेली होती तेव्हाचं, म्हणजे उघडच चुकीचं. आठ महिने पाण्यात.

‘चालून जाईल’ म्हणणाऱ्या सीनियरचं ऐकू नका. मी ऐकलं होतं. दगड आधी कापा, पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली सीमा बघा, मगच ड्रिल लावा. निवड हातात असेल तर शिस्टचा किंवा क्वार्टझाइटचा, म्हणजे सहसा कॅल्साइट नसलेला दगड घ्या. मात्र वाऱ्याने आलेली चुनखडीची धूळ खपलीत तरीही असू शकते.

एवढं वाचून घाबरू नका. हात बसायला मला दोन पावसाळे लागले, तुम्हाला एकात जमेल. आणि कापलेल्या दगडाचा दुसरा अर्धा टाकू नका. माझा प्रबंध शेवटी त्याच अर्ध्यावर उभा राहिला.