जुन्या रेसलिंग मॅचचं परीक्षण कसं लिहावं

ट्रम्प कार्डांवरची उंची, वजन आणि रँक पाठ करत मोठी झालेली पिढी आता मोबाइलवर त्याच पैलवानांच्या मॅचेस पुन्हा पाहते आहे. पण त्यावर लिहायला बसलं की एक तर 'काय दिवस होते ते' म्हणून गहिवर येतो, नाहीतर 'सगळी नुरा कुस्तीच' म्हणून हात झटकले जातात. दोन्ही पळवाटा आहेत. निकाल आधीच ठरलेला असतो हे धरून चाला. नाटकाचा शेवट लेखकाने आधी लिहिलेला असतो, म्हणून नाटकाचं परीक्षण कुणी सोडून देत नाही. ठरलेला शेवट प्रेक्षकांच्या गळी कसा उतरवला, तेवढंच आपण तपासायचं.

सरावाला एकच मॅच घेऊ: रँडी सॅव्हेज विरुद्ध रिकी स्टीमबोट, इंटरकॉन्टिनेंटल किताबासाठी. कार्यक्रम रेसलमेनिया ३, २९ मार्च १९८७, अमेरिकेतल्या मिशिगनमधलं पॉन्टिअ‍ॅक सिल्व्हरडोम हे स्टेडियम. जेमतेम साडेचौदा मिनिटांची आहे, त्यामुळे तीनदा पाहायला कंटाळा येत नाही.

१. आधी प्रत तपासा.
तुमच्या हाती आलेला व्हिडिओ पूर्ण आहे का? एंट्रीचं मूळ संगीत आहे की हक्कांच्या भानगडीमुळे बदललेलं? या मॅचेस भरवणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूएफ कंपनीचा त्याच आद्याक्षरांच्या वन्यजीव संरक्षण संस्थेशी कोर्टकज्जा झाला आणि २००२ मध्ये तिचं नाव डब्ल्यूडब्ल्यूई झालं. पुढची काही वर्षं काही जुन्या चित्रफितींतला लोगो धूसर केला जायचा आणि समालोचनातलं ते नावही कापलं जायचं. २०१२ मध्ये तडजोड झाल्यावर ही काटछाट थांबली. मधल्या काळातली प्रत पाहून 'आवाज तुटक आहे' असा शेरा मूळ मॅचवर मारू नका.

२. भांडण कुठून सुरू झालं ते शोधा.
पार्श्वभूमी माहीत नसेल तर अर्धी मॅच डोक्यावरून जाते. १९८६ च्या अखेरीस सॅव्हेजने स्टीमबोटचा गळा आधी लोखंडी कठड्यावर आणि मग रिंगची घंटा मारून ठेचला. कथेत स्टीमबोटचं स्वरयंत्र निकामी झालं. आता मॅचच्या सुरुवातीलाच स्टीमबोट सॅव्हेजचा गळा दोन्ही हातांनी धरून त्याला अधांतरी उचलतो, ते पाहा. नवख्याला ती नुसती ताकद वाटेल, पण तो हिशेब चुकता करणं आहे. परीक्षणात ही पार्श्वभूमी दोन-तीन वाक्यांत उरका. पाल्हाळ लावलंत तर वाचक मॅचपर्यंत पोहोचणारच नाही.

३. पहिल्यांदा पाहताना वही लांब ठेवा.
कुठे सरसावून बसलात आणि कुठे हात मोबाइलकडे गेला, तेवढं लक्षात ठेवा. बस्स.

४. दुसऱ्यांदा घड्याळ लावून पाहा.
आता मिनिटागणिक टिपणं काढा, पण प्रत्येक डावाचं नाव लिहीत बसू नका. पिन (खांदे जमिनीला टेकवून रेफरीच्या तीन मोजण्यापर्यंत दाबून धरणं) कितीदा दोनवर तुटली? कोणता अवयव धरून बसलेत? रेफरी कधी आडवा झाला? या मॅचमध्ये 'आता संपली' असं वाटायला लावणाऱ्या पिन्सची रांग लागते आणि दर खेपेला गर्दीचा आवाज चढतो. रेफरी पडलेला असताना सॅव्हेज वरच्या दोरावरून कोपर मारतो, पण मोजायला कुणी नाही. मग तो तीच घंटा आणायला जातो. स्टीमबोटच्या बाजूने उभा असलेला जॉर्ज 'द अ‍ॅनिमल' स्टील त्याला दोरांवरून खाली ढकलतो. सॅव्हेज उठून स्टीमबोटला आपटायला उचलतो, तेवढ्यात स्टीमबोट त्याला गुंडाळून पिन करतो. घंटेने सुरू झालेलं भांडण घंटेच्या हव्यासातच सॅव्हेजच्या अंगाशी आलं. ही वीण दिसली की परीक्षणाचा मुख्य मुद्दा हाती लागतो.

एवढी घट्ट वीण आपोआप बसलेली नव्हती. सॅव्हेज प्रत्येक हालचाल आधी कागदावर मांडायचा आणि ही मॅच दोघांनी अक्षरशः पाठ केली होती, असं स्टीमबोटने नंतर सांगितलं आहे. त्या काळात बरेच पैलवान रिंगमध्येच एकमेकांच्या कानाशी लागून पुढचं ठरवायचे.

५. तिसऱ्यांदा आवाज बंद करा.
गोरिला मॉन्सून आणि जेसी व्हेंचुरा या समालोचकांची जोडी इतकी तयारीची होती की पडेल मॅचही तरून जायची. आवाज बंद केला की पैलवानांनी स्वतः किती केलं ते उघडं पडतं. कोण खरंच दुखल्यासारखा चालतोय? मघाशी धरलेला गुडघा दोन मिनिटांत विसरून कोण धावत सुटलाय?

६. समालोचकांच्या शब्दावर विसंबू नका.
त्याच रात्री हल्क होगनने आंद्रे द जायंटला उचलून आपटलं. आंद्रे १५ वर्षं अजिंक्य असल्याची आणि त्याला कुणीच उचललं नसल्याची जाहिरात झाली होती. प्रत्यक्षात ऑगस्ट १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर याच होगनने त्याला उचललं होतं. प्रेक्षकसंख्येचंही तसंच. कंपनी ९३,१७३ सांगते आणि त्यावर आजही वाद आहे. असा आकडा लिहिताना 'कंपनीच्या दाव्यानुसार' जोडायला विसरू नका.

७. मॅच तिच्या काळात ठेवून तोला.
आजच्या उड्यांच्या मापाने १९८७ ची मॅच मोजली तर ती संथच वाटणार. त्या वर्षीच्या इतर मॅचेसशी ताडून पाहा. होगन-आंद्रे घ्या: पाठीच्या दुखण्याने आंद्रे धड हलू शकत नव्हता. डावपेच म्हणून ती मॅच सुमार, पण आपटण्याचा तो एक क्षण आणि गर्दीचा गलका पाहिला की तिला टाकाऊ म्हणवत नाही. अशा वेळी दोन्ही गोष्टी लिहा. मधलं गुळमुळीत मत देऊ नका.

८. आता लिहा.
सुरुवातीला निकाल सांगून मोकळे व्हा. इतक्या जुन्या मॅचचा निकाल लपवण्यात काही हशील नाही. मग एकच प्रसंग निवडून तो नीट रंगवा आणि बाकीचं भराभर सांगा. प्रत्येक लाथ-बुक्कीची जंत्री दिलीत तर वाचक म्हणेल, त्यापेक्षा मॅचच पाहिली असती. तारे द्यायचे तर शेवटी द्या आणि ते का दिले तेही सांगा. नुसते साडेचार तारे म्हणजे तिमाही परीक्षेचे गुण.

हे जमलं की रिक फ्लेअर आणि याच स्टीमबोटची १९८९ ची त्रयी घ्या: फेब्रुवारीत शिकागो, एप्रिलमध्ये न्यू ऑर्लिन्स, मे महिन्यात नॅशव्हिल. न्यू ऑर्लिन्सची मॅच तीनपैकी दोन फेऱ्या जिंकण्याची आणि जवळपास तासभराची आहे. तिला वहीची पानं जास्त लागतील.