कॉन्फ्लिक्ट कन्फर्म करण्याआधी ते चौदा सेकंद ऐका

म्युझिक राइट्सच्या कामात नवीन माणूस आला की कॉन्फ्लिक्टची, म्हणजे एकाच तुकड्यावर दोन लेबलांनी मालकी सांगितलेल्या प्रकरणांची, रांग आधी त्याच्याच गळ्यात पडते. कंटेंट आयडी (यूट्यूबची) आणि राइट्स मॅनेजर (फेसबुक-इन्स्टाग्रामची) म्हणजे लोकांचे व्हिडिओ आपल्या गाण्याशी ताडून पाहणाऱ्या यंत्रणा, रेफरन्स म्हणजे त्यासाठी तिथे दिलेली गाण्याची फाइल, टेरिटरी म्हणजे हक्क लागू असलेले देश, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. ओव्हरलॅप (दोन रेफरन्समधला सारखा तुकडा) दिसला म्हणजे तिथे दोन मालक भांडतायत असं मात्र समजू नका. कित्येकदा त्या तुकड्याला एक्सक्लुझिव्ह मालकच नसतो.

मला मिळालेला गुरुमंत्र असा होता: "करार आपल्याकडे आहे ना? मग कन्फर्म कर. त्यांचं असेल तर ते बोंबलतील." असले गुरू प्रत्येक ऑफिसात असतात आणि त्यांचा महिनाअखेरचा आकडा झकास दिसतो. गंमत म्हणजे करार खरंच असतो. एक्सक्लुझिव्ह, शंभर टक्के, सगळं जग. म्हणून तर हात बिनधास्त कन्फर्मवर जातो, आणि मीही यातच अडकले होते.

समजा आपलं गाणं पावणेचार मिनिटांचं आहे आणि ओव्हरलॅप ०:०० ते ०:१४ असा आहे. समोरचं गाणं वेगळ्या भाषेतलं, वेगळ्या गायिकेचं, नावातही काही साम्य नाही. हेडफोन लावा आणि दोन्ही ऐका. लॅपटॉपच्या स्पीकरवर नको, खालचे सूर तिथे ऐकूच येत नाहीत. आधी ड्रम लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा ठेक्याचा तुकडा), त्याच्यामागे पसरलेला एक पॅड (लांबवलेले सूर), आणि चौदा सेकंद संपता संपता गायिका श्वास घेते. तिथून पुढे दोन्ही गाण्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. दोन्ही संगीतकारांनी एकाच सॅम्पल लायब्ररीतून, म्हणजे तयार तुकडे लायसन्सवर देणाऱ्या संग्रहातून, तोच लूप उचललाय, आणि दोघांनीही रीतसर पैसे भरून.

करारामुळे तुमच्या लेबलला रेकॉर्डिंग मिळालं. तो लूप मात्र लायब्ररी पैसे भरेल त्याला देते, एक्सक्लुझिव्ह कुणालाच देत नाही. तरीही 'आमचंच' म्हणून कन्फर्म केलंत, तर तो तुकडा तुमच्या रेफरन्समध्ये जिवंत राहतो आणि लूप उघडा वाजणाऱ्या व्हिडिओंवर तुमच्या लेबलच्या नावाने क्लेम, म्हणजे त्या व्हिडिओंच्या कमाईवर दावे, पडायला लागतात. ज्याने प्रामाणिकपणे लायसन्स घेतलं त्याची कमाई तुमच्या नावावर! तो डिस्प्यूट (क्लेमवर हरकत) टाकतो, त्याच्यामागून आणखी लोक टाकतात, आणि ती रांगही तुमच्याच टेबलावर येते. वारंवार चुकीचे क्लेम करणाऱ्यांची कंटेंट आयडीची सोय यूट्यूब काढून घेऊ शकतं. त्या दिवशी गुरुजी मीटिंगमध्ये असतात.

करायचं एवढंच की तो तुकडा रेफरन्समधून वगळायचा. मालकी सोडायची नाही, सगळे क्लेम सरसकट रिलीज करायचे नाहीत, आख्खा रेफरन्स मारायचा नाही. चौदा सेकंद बाहेर, उरलेली साडेतीन मिनिटं जिथल्या तिथे. मग त्याच गाण्याची इन्स्ट्रुमेंटल आवृत्ती रेफरन्स म्हणून गेली आहे का, हे बघाच. तिच्यात तो लूप शेवटपर्यंत उघडा असतो, आवाजाचं पांघरूण नसतं. नुसत्या लुपांवर उभी असलेली इन्स्ट्रुमेंटल मी रेफरन्समधून पूर्णच काढते. कॅटलॉगवाले कुरकुरतात. कुरकुरू देत.

एवढं वाचून घाबरला असाल तर जरा दम घ्या. बाकीची बरीच भांडणं भांडणं नसतातच. जुन्या डिस्ट्रिब्युटरचा करार संपलेला असतो पण त्याची डिलिव्हरी, म्हणजे त्याने पाठवलेली गाण्याची फाइल, कुणी काढलेली नसते. किंवा एकच रेकॉर्डिंग सिंगल म्हणून एकदा आणि संकलनात एकदा, दोन वेगळ्या आयएसआरसींनी (रेकॉर्डिंगच्या ओळख-कोडांनी) गेलेलं असतं. कधी दोघांचेही करार खरे असतात, फक्त देश वेगळे. कुणीतरी आळस करून 'वर्ल्डवाइड' टाकून दिलेलं असतं. देशांची यादी दुरुस्त केली की मिटतं. समोरचा तुम्हाला चोर म्हणत नाहीये. त्याच्याकडेही तुमच्यासारखाच कुणीतरी एक्सेल उघडून बसलाय.

आयएसआरसीचं एक लक्षात ठेवा. त्या बारा अक्षरांतली पहिली पाच बघून 'अरे, हे तर त्यांचं' म्हणत माघार घेऊ नका. कोड कुणाच्या नावाखाली निघाला एवढंच त्यातून कळतं. रेकॉर्डिंग पुढे विकलं गेलं तरी कोड तोच राहतो. त्यापुढचे दोन आकडेही कोड दिल्याच्या वर्षाचे असतात, रेकॉर्डिंगच्या वर्षाचे नव्हेत. चाल तीच पण श्वास वेगळ्या जागी घेतलाय, असं ऐकू आलं तर ते कव्हर आहे. तिथे साउंड रेकॉर्डिंगवरून वाद घालून उपयोग नाही. चालीच्या हक्काचे हिस्से वेगळे, त्याचा कोड आयएसडब्ल्यूसी, आणि बोलायचं पब्लिशरशी, म्हणजे चालीचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीशी.

व्हिडिओवाल्याने टाकलेला डिस्प्यूट हा वेगळा प्रकार आहे, तो कॉन्फ्लिक्टच्या रांगेत मिसळू नका. यूट्यूबवर त्याला उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात. उत्तर गेलं नाही तर क्लेम आपोआप गळून पडतो. म्हणून सकाळी आधी मुदतीप्रमाणे यादी लावा, व्ह्यूजचा विचार नंतर. आणि पन्नास ओळी निवडून एकदम निकाली काढायचं बटण आहे हे काही दिवस विसरून जा.

समोरच्या लेबलला मेल लिहाल तेव्हा दोन्ही आयएसआरसी, ओव्हरलॅपची वेळ, देश आणि कराराची तारीख पहिल्या दोन ओळींतच द्या. वकिली भाषा नको, तिच्यामुळे मेल त्यांच्या लीगलकडे जातो आणि तिथेच मुरतो. कराराची प्रत मागितल्याशिवाय पाठवू नका, आणि पाठवायची झालीच तर वरिष्ठांना विचारून, रकमा झाकून पाठवा.