मुरलेला पॉप बँड ऐकायला जाताना

बँडमध्ये नुकतंच वाजवायला लागला असाल तर आपल्या वयाच्या मुलांचे कार्यक्रम तुम्ही ऐकतच असणार. एकदा तरी तीस-चाळीस वर्षं एकत्र वाजवत आलेला पॉप बँडही प्रत्यक्ष ऐका, तोही लवकर, हाताला नको त्या सवयी लागायच्या आत. मी कीबोर्ड वाजवतो. ऐंशीच्या दशकात नाव झालेल्या एका बँडला ऐकायला गेलो तेव्हा माझी बोटं बऱ्यापैकी तयार होती, पण हात कुठे उचलायचा हे कुणी सांगितलं नव्हतं. ते त्या कार्यक्रमात डोळ्यांनी पाहिलं.

जाण्याआधी त्यांची सगळी गाणी ऐकत बसू नका. दोन-तीनच निवडा, पण त्यांतला आपल्या वाद्याचा भाग मूळ रेकॉर्डिंगवरून नीट बसवा. बोटांत बसलेलं गाणं मंचावर जरा जरी वेगळं वाजलं तरी लगेच जाणवतं, आणि खरा अभ्यास त्या फरकातच आहे. जमल्यास एकाच गाण्याची जुनी आणि नवी रूपं शेजारी ठेवून ऐका. नॉर्वेच्या आ-हा या बँडचं ‘टेक ऑन मी’ १९८५ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं ते वेगवान सिंथेसायझरच्या जोरावर. धृवपद चढत चढत थेट फॉल्सेटोत, म्हणजे नेहमीच्या आवाजापलीकडच्या बारीक, उंच आवाजात जातं. २०१७ च्या अनप्लग्ड, म्हणजे मुख्यतः अकूस्टिक वाद्यांवरच्या कार्यक्रमात त्यांनी तेच गाणं संथ, जवळजवळ विरहगीतासारखं केलं. चाल तीच, शब्द तेच. लय उतरवल्यावर गाण्याचा अर्थच बदलला. मला तर दुसरं रूप जास्त आवडतं.

उभं राहायची जागा विचारपूर्वक निवडा. अगदी पुढे गेलात तर ड्रम आणि मंचावरचे स्पीकर जास्त ऐकू येतात, गायकाचा आवाज मागे पडतो. साउंड इंजिनिअरच्या कन्सोलजवळ, म्हणजे आवाज मिसळायच्या टेबलाजवळ, उभं राहणं उत्तम, कारण सगळा समतोल तो तिथेच बसून ऐकत असतो. फार मागेही नको. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ३४ मीटरवर तो एक दशांश सेकंद उशिरा पोचतो. ड्रमरचा हात आणि ठोका यांचा मेळच लागत नाही, मग त्याची लय डोळ्यांनी काय वाचणार?

कानांत इअरप्लग हवेतच. वादकांसाठीचे मिळतात, ते आवाज सगळ्या पट्ट्यांत सारखा कमी करतात, त्यामुळे वाद्यं बोथट होत नाहीत. अमेरिकेतल्या नायोश (NIOSH) या कामगारांच्या आरोग्य-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आठ तास चालतं आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं! कान गेले तर या धंद्यात दुसरं काही हाताशी उरत नाही.

आता मुख्य गोष्ट. साठीतला गायक पंचविशीतली पट्टी तशीच लावेल अशी अपेक्षा धरून जाऊ नका. बरेच बँड गाणी अर्ध्या किंवा एका स्वराने खाली घेतात. गिटारवाला दर दोन गाण्यांनी गिटार बदलताना दिसला तर त्याचं हेही एक कारण असू शकतं: वेगळ्या ट्यूनिंगची गिटार. मी पाहिलेल्या बँडचा गायक धृवपदातल्या सगळ्यांत उंच जागेला माइक जरा लांब धरायचा. पहिली दोन अक्षरं मागची गायिका घ्यायची आणि शेवटच्या लांब स्वरावर तो असा येऊन मिळायचा की सांधा दिसतच नव्हता. पुढच्याच गाण्यात लांबलचक गिटार सोलो होता. तेवढ्यात तो बाजूला जाऊन पाणी प्यायला, श्वास सावरला. गाण्यांचा क्रम लावताना आवाजाला विसावा कुठे मिळेल, हे आधीच ठरवलेलं असतं.

माझी नजर मात्र कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातावर होती. अंतऱ्यात तो हात चक्क मांडीवर! खालचे स्वर बेसवाला सांभाळतोय, मग तिथे गर्दी करायची नाही. उजव्या हातानेही दोनच स्वर, तेही गायकाची ओळ संपल्यावर. धृवपद आलं की दोन्ही हात पडायचे आणि अख्खं मैदान उजळल्यासारखं वाटायचं. आवाज तेवढाच होता, आधीची जागा मोकळी होती म्हणून तो मोठा वाटत होता.

ड्रमर आणि बेसवाल्याकडेही बघा. गाणं संपवताना ते एकमेकांकडे कधी बघतात, मान कोण हलवतं, गायकाने कडवं चुकवलं तर कोण सावरतं. क्लिक ट्रॅकवर, म्हणजे कानात चालू असलेल्या ठरावीक ठोक्यांवर वाजवणाऱ्यांना मनाला येईल तसं वळता येत नाही, त्यामुळे तिथे हे कमी दिसेल. सदस्य बदललेला असेल तर नाराज होऊ नका. जेनेसिस या ब्रिटिश बँडच्या २०२१-२२ च्या निरोपाच्या दौऱ्यात त्यांचे गायक आणि एकेकाळचे ड्रमर फिल कॉलिन्स खुर्चीत बसून गायले आणि ड्रमवर त्यांचा विशीतला मुलगा निक होता. दुसऱ्याने घडवलेला भाग आपल्या हाताने कसा वाजवायचा, हे शिकायला याहून चांगली जागा कुठली?

शूटिंग करत बसू नका. परतताना मात्र आठवेल ते लगेच फोनवर बोलून ठेवा: कुठलं गाणं, कुठली जागा, कोण थांबलं. सकाळपर्यंत नुसतं ‘भारी झालं’ एवढंच उरतं.

आणि पुढच्या तालमीत त्यातलं एक तरी करून बघा. आमच्या एका गाण्यात मी अंतऱ्यातला डावा हात काढून टाकला. बेसवाल्याने लगेच तिथे एक नवी चाल टाकली, आणि आमची गायिका म्हणाली की तिला पहिल्यांदाच स्वतःचा आवाज नीट ऐकू येतोय. ते गाणं आता आम्ही तसंच वाजवतो. पट्टी अर्ध्या स्वराने उतरवण्याचं चाललंय. गायिका अजून तयार नाही, पण शेवटच्या ओळीसाठी मी तिला पटवतोय.